उंबरठ्यावरचा विसर

नॉर्वेतल्या एका परीकथेतला राजपुत्र राक्षसाच्या घरी चाकरीला राहतो. राक्षस त्याला तबेला साफ करायला सांगतो. एक फावडं शेण बाहेर टाकलं की दहा फावडी आत येतील, असा तो तबेला. त्याच घरात एक मुलगी असते. ती सांगते, फावडं उलटं धर आणि दांड्यानं काम कर. तो तसं करतो आणि शेण आपलं आपण बाहेर जाऊन पडतं. आग ओकणारा घोडा कसा आवरायचा तेही तीच सांगते, डोंगराच्या पोटातून आगीचा कर कसा वसूल करायचा तेही तीच. शेवटी राक्षस तिला हुकूम देतो, या पोराला काप आणि शिजव. ती राजपुत्राच्या करंगळीतून रक्ताचे तीन थेंब एका स्टुलावर पाडते आणि त्याला घेऊन पळते. राक्षस झोपेतून विचारतो, शिजलं का? थेंब तिच्या वतीनं उत्तर देत राहतात. पाठलाग सुरू होतो तेव्हा तिनं टाकलेल्या मिठाच्या खड्याचा डोंगर होतो आणि कुपीतल्या पाण्याचा समुद्र.

इथवर ही कथा कोणालाही आवडेल. पुढे ती दोघं त्याच्या देशाच्या किनाऱ्याला लागतात. आता तू पायी कशी येशील, मी घरून गाडीघोडे घेऊन येतो, असं तो म्हणतो. ती म्हणते, जाऊ नकोस, गेलास की मला विसरशील. तो हसतो. एवढं सगळं दोघांनी मिळून सोसलं, मी कसा विसरेन? मग ती अट घालते. सरळ तबेल्यात जा, कोणाशी बोलू नकोस, काही खाऊ नकोस. तो कबूल करतो. घरी भावाच्या लग्नाची धामधूम असते, सगळे त्याच्याभोवती गोळा होतात, हे खा ते खा म्हणतात. तो मान हलवत राहतो. शेवटी वधूची बहीण अंगणातून त्याच्याकडे एक सफरचंद घरंगळत सोडते. दुसरं काही नको तर निदान हे तरी चाख. तो एक घास घेतो. आणि गाडीला जुंपलेल्या घोड्यांकडे बघून म्हणतो, मला वेड लागलंय का? ही गाडी घेऊन मी कुठे निघालो होतो? घोडे परत तबेल्यात जातात. किनाऱ्यावर ती वाट बघत बसलेली आहे.

ही कथा मी माझ्या आठ वर्षांच्या भाचीला सांगितली. मुलीचं शौर्य ऐकून ती खूश होईल असा माझा अंदाज होता. तिनं भलतंच विचारलं. "तिनं खाऊ नको सांगितलं होतं ना? मग त्यानं खाल्लंच कसं?" मी म्हटलं, अगं, त्या सफरचंदात जादू होती. ती म्हणाली, "जादू खाल्ल्यावर झाली. खायच्या आधी नव्हती."

पुढचे काही दिवस हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हा लेख त्यातूनच निघाला.

परीकथांवर बरीच वर्षं एक खटला चालू आहे. आरोप ठाऊक असलेलाच आहे. राजकन्या झोपते, राजपुत्र येतो, ती डोळे उघडते. मुलींना आपण वाट बघायला शिकवतो आणि मुलांना घोड्यावरून यायला. यावर उपाय म्हणून जुन्या कथा नव्यानं लिहिल्या जातात, राजकन्येच्या हाती तलवार दिली जाते, नको ते प्रसंग काढून टाकले जातात. या वादाला अर्धं शतक उलटून गेलं. १९७० मध्ये ॲलिसन लूरी या अमेरिकी लेखिकेनं लिहिलं की लोककथांमध्ये धीट, हुशार, कर्तबगार मुली भरपूर आहेत, या कथा स्त्रियांच्या विरोधात नाहीतच. दोन वर्षांनी मार्शा लीबरमन यांनी उत्तर दिलं, असतील, पण त्या कथा वाचतं कोण? मुलांपर्यंत पोचतात त्या मोजक्या दोनचार, आणि त्यांतल्या मुली झोपलेल्या नाहीतर भांडी घासणाऱ्या.

दोघींचंही खरं आहे. मला खटकतं ते असं की दोघींचं लक्ष मुलीकडे होतं. ती काय करते, किती करते, तिला काय बक्षीस मिळतं. तलवारवाले नवे लेखकही तिलाच सुधारायला निघालेले असतात. वर सांगितलेल्या कथेतल्या मुलीला कोण काय सुधारणार? तबेला, घोडा, आग, डोंगर, समुद्र सगळं तिचंच आहे, राजपुत्र तिच्या मागून चालतोय. सुधारणेची गरज कथेत दुसरीकडे आहे, आणि ती सुधारण्याऐवजी जरा थांबून बघण्यासारखी आहे.

प्रेयसीला विसरणाऱ्या या राजपुत्राच्या कथा युरोपभर सापडतात. लोककथांची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी अभ्यासक वापरतात तीत या कथाप्रकाराचा क्रमांक ३१३ आहे. वर्गवारीच्या १९६१ च्या आवृत्तीत त्याचे पोटभाग केलेले होते. ३१३ अ म्हणजे नायकाची मदतनीस मुलगी, ३१३ क म्हणजे विसरलेली वाग्दत्त वधू. यावरून एवढं कळतं की कथा सांगणाऱ्याला पलायनापाशी थांबायची मोकळीक होती. दोघं सुटली, घरी पोचली, सुखानं नांदू लागली, संपलं. अनेक जण तिथे थांबलेही. जे थांबले नाहीत त्यांनी पुढचा भाग का सांगितला असेल?

आणि त्यांनी विसराची जादू कुठे ठेवली ते बघा. १६३४ ते १६३६ या काळात नेपल्समध्ये छापल्या गेलेल्या जाम्बातिस्ता बाझीलेच्या संग्रहात अशी एक कथा आहे. मुलीची राक्षसीण आई शाप देते की या राजपुत्राला पहिलं चुंबन मिळताच तो तुला विसरेल. ते पहिलं चुंबन कोणाचं? घरी आलेल्या मुलाला मिठी मारणाऱ्या त्याच्या आईचं. ग्रिम बंधूंच्या संग्रहात दोन राजांच्या मुलांची कथा आहे, तिथेही आईचं चुंबन. आफानासिएव्हनं १८५५ ते १८६३ या वर्षांत छापलेल्या रशियन कथांमधल्या सागरराजाच्या कथेत त्याची मुलगी वासिलिसा राजपुत्राला बजावते, सगळ्यांना भेट, फक्त बहिणीचा मुका घेऊ नकोस. नॉर्वेत सफरचंदाचा घास. आइसलँडच्या जुन्या गाथेत वीर सिगुर्ड आपल्या प्रेयसीला, ब्रुनहिल्डला, विसरतो तो ग्रिमहिल्डनं पाजलेल्या पेयामुळे. या ग्रिमहिल्डला तो जावई म्हणून हवा असतो.

राक्षसाच्या घरात माणूस विसरत नाही. तिथे जीव धोक्यात असतो, प्रत्येक क्षणी ती लागते. विसर पडतो घरी, आणि तो पाडणारी माणसं प्रेमाची असतात. कोणी विष घालत नाही. आई जवळ घेते, बहीण गाल पुढे करते, कोणीतरी म्हणतं थकलायस, दोन घास खाऊन घे. त्या दोन घासांत जगाची घडी पूर्वीसारखी बसते आणि किनाऱ्यावर बसलेल्या मुलीला त्या घडीत जागाच उरत नाही. परक्या मुलखातली, परक्या कुळातली, आईनं न निवडलेली. ती आठवली तर सगळं विस्कटणार. म्हणून ती आठवत नाही.

मला हे लोककथेचं फार मोठं शहाणपण वाटतं. संकटातली सोबत आणि सुखातली सोबत या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि पहिलीचा हिशेब दुसरीत धरला जाईलच असं नाही. आजारपणात उशाशी बसलेला मित्र, पडत्या काळात घर चालवणारी बायको, तुरुंगात जाताना बरोबर असलेले कार्यकर्ते, या सगळ्यांना हा उंबरठा माहीत असतो. सत्तेत गेलेली माणसं जुन्या साथीदारांना ओळख देत नाहीत तेव्हा आपण त्यांना कृतघ्न म्हणतो. पण ती मनात ठरवून कृतघ्न झालेली नसतात. त्यांना कोणीतरी प्रेमानं सफरचंद दिलेलं असतं.

आता ग्रिम बंधूंकडे वळतो, कारण कथा साफसूफ करण्याचा उद्योग काही आजचा नाही. त्यांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला आणि सातवी, अखेरची आवृत्ती १८५७ मध्ये. मधल्या ४५ वर्षांत विल्हेल्म ग्रिमनं कथांवरून सारखा हात फिरवला. पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यातली रापुन्झेल भाबडेपणानं विचारते, माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागलेत? तिचं गरोदरपण उघड करणारं हे वाक्य पुढे गेलं. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी आईही पुढे सावत्र झाली. आई वाईट असू शकते हे छापायला विल्हेल्मचा हात धजेना.

आणि याच माणसानं आईच्या चुंबनाला हात लावला नाही. त्यात त्याला वावगं काही दिसलंच नसावं. चुंबनात हिंसा कुठे आहे? आजही एखाद्या प्रकाशकानं 'संवेदनशील वाचक', म्हणजे कोणाला दुखावेल असं काही शोधून काढणारे तपासनीस, बसवून या कथा तपासून घेतल्या, तर चेटकिणीचं नाक, काळेगोरेपणा, रक्त, खिळ्यांचं पिंप सगळं लाल पेन्सिलीखाली येईल आणि आईचा मुका सुखरूप राहील. साफसफाई करणाऱ्याला ओरखडे दिसतात. ज्या मायेनं कोणीतरी पुसलं जातं ती माया दिसत नाही. कथा बदलण्याला माझा मुख्य आक्षेप हाच आहे. जुनं ते पवित्र म्हणून मी हे म्हणत नाही, ग्रिमांनी स्वतःच ते पवित्र ठेवलं नव्हतं. पण कात्री चालवणाऱ्याला आपल्या काळाला जे टोचतं तेवढंच कळतं, आणि कथेतलं खरं धारदार पातं बहुधा न टोचणाऱ्या जागी असतं.

विसरायला जादूही लागते असं नाही. ग्रिमांच्याच 'बारा शिकारी' या कथेत राजपुत्र आपल्या प्रेयसीजवळ बसलेला असताना निरोप येतो की वडील मरणाला टेकलेत. तो तिला अंगठी देतो, परत येईन म्हणतो. मृत्युशय्येवरचा राजा त्याच्याकडून वचन घेतो की मी सांगेन त्याच मुलीशी लग्न कर. मुलगा दुःखाच्या भरात हो म्हणतो. इथे चुंबन नाही, पेय नाही, सफरचंद नाही. बाप आहे आणि मरण आहे, तेवढं पुरतं. प्रेयसी आपल्यासारख्याच दिसणाऱ्या अकरा मुली घेऊन, शिकाऱ्याच्या वेषात त्याच्या दरबारी नोकरीला राहते, आणि त्याला ती ओळखू येत नाही. दरबारातल्या सिंहाला मात्र पहिल्या दिवसापासून कळतं की या बायका आहेत. आता राजा झालेला तो सिंहाचं ऐकतो, मग ऐकेनासा होतो. ही कथा चुंबनांच्या कथांशेजारी ठेवून वाचली की चुंबनांतली जादू कशाची होती ते उघड होतं. पडदा काढला की मागे आईबाप उभे आहेत.

मराठी वाचकाला एव्हाना शकुंतला आठवली असेल. आठवायलाच हवी, कारण विसरलेल्या प्रेमाची जगातली सर्वांत गाजलेली गोष्ट आपल्याकडची आहे. विल्यम जोन्सनं १७८९ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर केलं, १७९१ मध्ये फोर्स्टरनं त्यावरून जर्मन केलं आणि जर्मन कवी ग्योथे ते वाचून भारावून गेला. आपल्याकडे १८८० मध्ये किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'नं मराठी संगीत रंगभूमीचा पायाच घातला. या सगळ्यांनी घेतली ती कालिदासाची शकुंतला. दुर्वासाचा शाप, तीर्थात गळून पडलेली अंगठी, माशाच्या पोटातून ती मिळणं. महाभारताच्या आदिपर्वात यातलं काहीही नाही. शाप नाही, अंगठी नाही, मासा नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, दिलेल्या वचनाची आठवण करून देते, आणि व्यासांचा श्लोक सरळ सांगतो: 'राजा स्मरन्नपि । अब्रवीन्न स्मरामीति'. आठवत असूनही राजा म्हणाला, मला आठवत नाही. वर तिला दुष्ट तापसी म्हणाला.

तिथली शकुंतला रडत नाही. ती भर दरबारात त्याला सुनावते, पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्य म्हणजे काय. ती निघते तेव्हा आकाशवाणी होते, आणि मग दुष्यंत मंत्र्यापुरोहितांना म्हणतो, ऐकलंत ना? मलाही माहीत होतंच. पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

म्हणजे मूळ कथेत खोटं बोललेला राजा होता आणि कालिदासानं त्याला शापाची ढाल दिली. टीकाकारांनी हे पूर्वीच म्हटलंय, मी नवीन काही सांगत नाही. नाटकाचा नायक धीरोदात्त हवा, तो खोटं बोलेल कसा? म्हणून दोष गेला एका रागीट ऋषीकडे, आणि थोडासा शकुंतलेकडेही, कारण पतीच्या चिंतनात ती अतिथीला विसरली. पुरुषाच्या विसराचं मूळ बाईच्या विसरात दाखवण्याची ही करामत कोणत्याही वकिलाला हेवा वाटावा अशी आहे.

इथे माझ्याच युक्तिवादाला एक अडचण येते, ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. महाभारतातल्या दुष्यंताला सगळं माहीत होतं, आणि त्याला पश्चात्ताप होत नाही. तो खुलासा करतो, क्षमा करतो. होय, क्षमा तोच करतो. तू रागाच्या भरात मला कठोर बोललीस ते मी माफ केलं, असं म्हणतो. कालिदासाच्या दुष्यंताला काहीच ठाऊक नव्हतं, आणि सहाव्या अंकात तो जळून जातो. वसंतोत्सव बंद करतो, झोप उडते, शकुंतलेचं चित्र काढतो आणि त्यातल्या भुंग्यावर खऱ्या भुंग्यासारखा चिडतो. ज्याचा दोष होता तो स्पष्टीकरण देतो. ज्याचा नव्हता तो दुःखी होतो. तर मग जादूनं माणसाची सुटका केली की त्याला जाब द्यायला मोकळं केलं? 'तू मुद्दाम केलंस' असं म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो. 'तुझ्यावर काहीतरी आलं होतं' असं म्हटलं तर कदाचित तो रडू शकतो. परीकथांतली जादू ही अशी दया असेल. दुरावलेल्या दोघांना पुन्हा एका घरात राहायचं तर अशी एखादी पळवाट लागत असावी.

हे मला मान्य आहे. पण दयेलाही वेळ असते. आधी काय घडलं ते सांगून झालं पाहिजे, मग दया. परीकथेत राजपुत्र शुद्धीवर येतो आणि पुढच्याच वाक्यात लग्न लागतं. मधली ओळ कोणी लिहिलेली नाही.

ग्रीक नाटककार युरिपिडीसनं ती लिहिली, वेगळ्या रीतीनं. त्याच्या नाटकातल्या मीडिया या जादूगार राजकन्येची कथा हीच कथा आहे. परदेशातला राजा अशक्य कामं सांगतो, त्याची जादूगार मुलगी पाहुण्याला वाचवते, बापाला सोडून त्याच्याबरोबर पळते, आणि त्याच्या जगात आल्यावर तो राजकन्येशी दुसरं लग्न ठरवतो. इसवी सनपूर्व ४३१ मध्ये अथेन्सला हे नाटक झालं तेव्हा स्पर्धेत युरिपिडीसला शेवटचा, तिसरा क्रमांक मिळाला. त्यातला हा पाहुणा, जेसन, काही विसरलेला नाही. तो हिशेब मांडतो. मला वाचवलं ते खरं म्हणजे प्रेमदेवतेनं, तू नाही. तुला रानटी मुलखातून ग्रीसमध्ये आणलं, इथे कायदा आहे, तुझं नाव झालं, तुलाच जास्त मिळालं. आणि हे लग्नही मी तुमच्या भल्यासाठीच करतोय. ज्यांनी कधी कोणाकडून उपकार घेऊन फेडले नाहीत, त्यांना हे भाषण तोंडपाठ वाटेल. परीकथेतल्या सफरचंदाची साल काढली तर आत हा जेसन निघतो.

भाचीच्या वाक्याकडे परत येतो. जादू खाल्ल्यावर झाली, खायच्या आधी नव्हती. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात हाच मुद्दा दारूच्या संदर्भात मांडलाय. नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा असायची, कारण नशेत त्याला कळत नव्हतं हे खरं असलं तरी न पिणं त्याच्या हातात होतं. मितिलीनी या ग्रीक नगराच्या पिटॅकस या शासकानं असा कायदा केल्याचं तो दुसऱ्या एका ग्रंथात सांगतो. अज्ञानाला आपणच कारण असू तर ते अज्ञान माफीला पात्र नाही. राजपुत्राला सफरचंदानंतर काही आठवत नव्हतं, कबूल. सफरचंदाआधी आठवत होतं. बापाच्या तबेल्यात, गाडी जुंपून, सगळं आठवत असताना त्यानं ठरवलं की एका घासानं काय होतंय.

कथेत या एका क्षणावर कोणी थांबत नाही. ती आधी तीन-तीनदा बजावते, श्रोत्याला ठाऊक असतं की हा चुकणार, आणि तो चुकतो. पण मुलांना कथा सांगताना नेमकं इथे थांबता येतं. कथेतला शब्दही न बदलता.

आठवण परत आणायचं कामही तिच्याच अंगावर पडतं, हा या कथांचा दुसरा सल. दोन राजांच्या मुलांच्या कथेत ती चक्कीवर भांडी घासते. अक्रोडातून निघालेले तीन सुंदर पोशाख नव्या वधूला देऊन त्यांच्या बदल्यात राजपुत्राच्या दाराबाहेर घालवायच्या रात्री विकत घेते. स्वतःच्याच माणसाच्या दाराबाहेर झोपायचे पैसे! ती रात्रभर दाराशी बोलते, मी तुझ्यासाठी जंगल तोडलं, तळं उपसलं, महाल बांधला. तो झोपेचं औषध पिऊन घोरत असतो. ऐकतो तो हुजऱ्या. बाझीलेच्या कथेत मेजवानीच्या पोळीतून कबुतर उडतं आणि सगळ्यांसमोर राजपुत्राची कानउघाडणी करतं. रशियात कबुतरांची जोडी. शकुंतलेला अंगठी. ग्रिमांच्या रोलांडच्या कथेत गाणं: लग्नात गावातल्या सगळ्या मुलींनी एकेक गाणं म्हणायचं असतं, तिची पाळी येते आणि आवाजावरून तो ओळखतो. काहीतरी दाखवावं, वाजवावं, उडवावं लागतं. जिनं केलं तिनंच सिद्ध करायचं. ज्याच्यासाठी केलं तो झोपलेला.

आणि दुसरी? जिच्याशी लग्न लागणार होतं ती? हिच्याबद्दल बोलणं परीकथांना जमतच नाही. नॉर्वेच्या कथेत ती चेटकीण निघते आणि घोड्यांकडून तिच्या चिंधड्या होतात, म्हणजे प्रश्न मिटला. 'बारा शिकारी' जास्त सभ्य आणि म्हणून जास्त भयंकर आहे. राजाला अंगठी दिसते, ओळख पटते, आणि येऊ घातलेल्या वधूला तो निरोप पाठवतो: तुम्ही परत जा, मला बायको आहे, आणि जुनी किल्ली सापडली की नव्या किल्लीची गरज उरत नाही. हे वाक्य मी लहानपणी वाचलं तेव्हा चतुर वाटलं होतं. आता वाटतं, ही तर दुसरी फसवलेली मुलगी. हिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं. हीही निघाली, वाटेत आहे, आणि वाटेतच तिला कळतं की आपण किल्ली होतो. पहिलीला न्याय मिळाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, त्या टाळ्यांत हिची गाडी मागे वळते. आधुनिक पुनर्कथन करणाऱ्यांना काही लिहायचंच असेल तर तलवारी राहू देत, या गाडीत बसून लिहावं.

कालिदासानं मात्र, राजाला शापाची ढाल देता देता, एक फट ठेवलीय. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला, शकुंतला दरबारात यायच्या आधी, नेपथ्यातून गाणं ऐकू येतं. हंसपदिका गातेय. भुंग्या, आंब्याच्या मोहोराचं चुंबन घेतलंस आणि आता कमळात राहून त्याला विसरलास कसा? विदूषक विचारतो, अर्थ कळला का? राजा हसून सांगतो, हिच्यावर मी एकदा प्रेम केलं, वसुमतीराणीमुळे हिला विसरलो म्हणून टोमणा मारतेय. जा, माझ्या वतीनं तिची समजूत काढ. विदूषक कुरकुरत जातो. राजा गाण्यानं अस्वस्थ होतो, सुंदर काही पाहिलं-ऐकलं की मागच्या जन्मीचं प्रेम आठवत असावं असं काहीसं म्हणतो, आणि मग द्वारी ऋषिकुमार आल्याची वर्दी येते.

हंसपदिकेला विसरायला दुर्वास लागला नव्हता. शकुंतलेसाठी कोळ्याला मासा सापडतो, माशात अंगठी सापडते, इंद्राचा रथ खाली येतो. हंसपदिका रंगमंचावर येतही नाही. तिच्याकडे गेलेल्या विदूषकानं तिला काय सांगितलं, हे राजानं नंतर विचारलेलं नाटकात कुठे दिसत नाही.